रुग्णसेवकाचें अपंगत्व आणि न्यायाचें दार

दुसऱ्याच्या शरीरांतील व्यंग ओळखणें, त्यावर उपचार करणें, आणि जें बरें होण्यासारखें नसेल त्याच्यासह जगण्याचा धीर माणसाला देणें, हें रुग्णालयाचें नित्याचें कार्य होय. अपंगत्वाचा दाखला तेथील डॉक्टर देतात. कुबडीच्या आधारानें पहिलें पाऊल कसें टाकावें हें तेथील परिचारिका शिकविते. परंतु तेंच अपंगत्व जेव्हां त्या डॉक्टरच्या, परिचारिकेच्या किंवा कक्षसेवकाच्या वांट्याला येतें, तेव्हां काय होतें? कालपर्यंत जो कामावरचा सोबती होता तो आज रुग्ण ठरतो, आणि रुग्णाचें स्थान खाटेवर, हजेरीपटावर नव्हे, अशी समजूत नकळत दृढ होते. ही समजूत कायद्याला मान्य नाहीं. ती कां मान्य नाहीं, तिच्यामुळें ज्याचें नुकसान होतें त्यानें दाद कोठें व कशी मागावी, आणि रुग्णालयाच्या बाजूनें जें खरें म्हणणें असतें त्याचा निवाडा कसा होतो, हा प्रस्तुत विषय आहे.

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यांत इंदापूर तालुका आहे, आणि इंदापूरहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यावर बावडा हें गांव लागतें. ऊंस हें या भागाचें मुख्य पीक. वस्ती गांवठाणापेक्षां वाड्यावस्त्यांवर अधिक पसरलेली. अशा मुलखांत सरकारी आरोग्यव्यवस्था म्हणजे मोठी इमारत नव्हे, तर पायांनीं फिरणारीं माणसें. सपाट प्रदेशांत ५,००० लोकवस्तीमागें एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकवस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असें देशाचें प्रमाण ठरलेलें आहे. त्या उपकेंद्राची आरोग्यसेविका, जिला गांवांत सर्वजण सिस्टर म्हणतात, ती गरोदर स्त्रियांची नोंद ठेवते, तान्ह्या मुलांना लस टोंचते, क्षयरोग्याला गोळ्या पोहोंचविते आणि या सर्वांचीं नोंदणी-पुस्तकें भरते.

आतां एक उदाहरण घ्यावें. तें कल्पित आहे, पण अशक्य कोटींतलें नाहीं. गळिताचा हंगाम आहे, आणि उसानें भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर धांवत आहेत. लसीकरण आटोपून परतणाऱ्या एका सिस्टरच्या दुचाकीला अपघात होतो आणि तिचा डावा पाय गुडघ्याखालीं कापावा लागतो. आठ महिन्यांनीं ती जयपूर फूट लावून कामावर हजर होते. वरिष्ठ सहानुभूतीनेंच म्हणतात, “सिस्टर, आतां वाडीवस्तीवर फिरणें तुम्हांला झेपायचें नाहीं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या. पुढें मुलाच्या नोकरीचें पाहूं.” घरीं सासऱ्यांनाहि तें पटतें. “सूनबाई, एवढें मोठें दुखणें काढलंत, आतां घरीं बसा,” असें तेहि म्हणतात. कोणाच्याहि बोलण्यांत दुष्टावा नाहीं. तरीहि त्या एका अर्जावर सही होतांच त्या बाईचा पुढील पंधरा वर्षांचा पगार, वेतनवाढी, बढतीचा हक्क आणि गांवांतील मान हीं सर्व संपतात. मुलाच्या नोकरीचें आश्वासन मात्र कागदावर कोठेंच नसतें.

पूर्वीं कायदाहि याच रीतीनें चाले. जुन्या सेवानियमांचा पाया असा कीं, वैद्यकीय मंडळानें सेवक त्या कामास असमर्थ आहे असा अभिप्राय दिला म्हणजे त्याला रुग्णता-निवृत्तिवेतन देऊन मोकळें करावें. त्यांत अन्याय आहे असें कोणाला वाटत नसे, कारण प्रश्न एकच विचारला जाई: या माणसाला पूर्वींचें काम करतां येतें काय? त्याला दुसरें कोणतें काम करतां येईल, किंवा तेंच काम थोड्या निराळ्या पद्धतीनें करतां येईल काय, हें विचारण्याचें बंधन कोणावरच नव्हतें.

हें बंधन संसदेनें १९९५ सालीं घातलें. अपंग व्यक्तींना समान संधि देणारा कायदा त्या वर्षीं झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलांत आला. त्याच्या ४७ व्या कलमानें सांगितलें कीं, सेवेंत असतां ज्याला अपंगत्व येईल त्याला कामावरून काढतां येणार नाहीं किंवा खालच्या पदावर आणतां येणार नाहीं. पूर्वींचें काम त्याला जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याला न्यावें. तसें पद नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर संख्येपेक्षां एक जास्तीचें पद, निर्माण करून त्यावर त्याला ठेवावें. योग्य पद रिकामें होईपर्यंत किंवा निवृत्तीचें वय होईपर्यंत.

कलमाचे शब्द स्पष्ट होते, तरी खटले झालेच. कुणालसिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत सुरक्षा दलाच्या एका शिपायाचा पाय सेवेंत असतां कापावा लागला होता, आणि त्याला निवृत्तिवेतन देऊन काढण्यांत आलें होतें. निवृत्तिवेतन तर दिलें आहे, मग तक्रार कसली, असें सरकारचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं तें नाकारलें. सेवानियमांत कांहींहि लिहिलेलें असलें तरी ४७ वें कलम त्याच्या वर आहे, आणि निवृत्तिवेतन हें नोकरीच्या हक्काला उत्तर होऊं शकत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

दुसरा निर्णय बावड्यासारख्या गांवांतील सेवकाच्या अधिक जवळचा आहे. भगवानदास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ हा तो खटला. निकाल २००८ चा. वीज मंडळांत तारांवर काम करणाऱ्या एका कनिष्ठ सेवकाची दृष्टि सेवेंत असतांनाच पूर्णपणें गेली. आपल्याला निवृत्त करावें आणि पत्नीला नोकरी द्यावी, असें पत्र त्यानें स्वतःच लिहिलें. मंडळानें निवृत्तीचा भाग तेवढा तत्परतेनें मान्य केला. पुढें खटल्यांत मंडळ म्हणूं लागलें कीं, यानें आपण होऊनच नोकरी सोडली. न्यायालयानें ही सबब ऐकली नाहीं. ज्याला आपल्या हक्काची माहितीच नाहीं त्यानें हक्क सोडला असें म्हणतां येत नाहीं. उलट कायदा त्याला कोणतें संरक्षण देतो हें त्याला समजावून सांगणें अधिकाऱ्यांचें कर्तव्य होतें, असें न्यायालयानें म्हटलें आणि त्याला पुन्हा सेवेंत घेण्यास लावलें. वर दिलेल्या उदाहरणांतील स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाकडे या दृष्टीनें पाहावयास हवें. असा अर्ज पुढें आला म्हणजे तो मंजूर करण्याआधीं अर्जदाराला त्याचा हक्क सांगितला होता काय, हा प्रश्न कार्यालयाला टाळतां येणार नाहीं.

मध्यंतरीं जगाचाहि विचार पुढें गेला. संयुक्त राष्ट्रांनीं १३ डिसेंबर २००६ रोजीं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारतानें १ ऑक्टोबर २००७ रोजीं त्यास मान्यता दिली. त्या करारास अनुसरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. जुन्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यांत एकवीस आहेत. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांचें प्रमाण शेंकडा तीनवरून चार झालें. जुन्या ४७ व्या कलमाचें संरक्षण विसाव्या कलमांत आलें. परंतु या सर्वांहून महत्त्वाची अशी एक नवी कल्पना या कायद्यानें आणली. तिला मराठींत ‘वाजवी तजवीज’ म्हणतां येईल.

वाजवी तजवीज म्हणजे कामाच्या जागेंत, वेळेंत, साधनांत किंवा पद्धतींत केलेला असा आवश्यक बदल, कीं ज्यामुळें अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनें काम करतां येईल, आणि ज्याचा भार मालकावर प्रमाणाबाहेर पडणार नाहीं. रुग्णालयांत अशी तजवीज पुष्कळदां अगदीं साधी असते. पायानें अधू असलेल्या परिचारिकेला वरच्या मजल्याऐवजीं बाह्यरुग्ण विभागांत काम देणें. औषधांच्या खिडकीवर उभें राहण्याऐवजीं उंच बैठक देणें. कमी ऐकूं येणाऱ्या डॉक्टरला आवाज वाढविणारा स्टेथोस्कोप पुरविणें. फेफरें येणाऱ्या सेवकाची झोंप मोडूं नये म्हणून त्याला रात्रपाळींतून सूट देणें. दृष्टि मंद झालेल्या कारकुनाच्या संगणकावर वाचून दाखविणारी आज्ञावली बसविणें. उदाहरणांतील सिस्टरला वाडीवस्तीवरील घरभेटींऐवजीं केंद्रांतील लसीकरण, लसींच्या शीतपेटीची देखरेख व नोंदणी हें काम देतां येईल. २०१७ च्या केंद्रीय नियमांनीं तर असेंहि सांगितलें आहे कीं, अशा तजविजीचा खर्च, सर्व किंवा थोडाहि, त्या अपंग व्यक्तीकडून वसूल करतां येणार नाहीं.

याहून पुढची गोष्ट म्हणजे, अशी तजवीज नाकारणें हाच कायद्याच्या व्याख्येप्रमाणें भेदभाव आहे. शिवाय त्या व्याख्येंत भेदभावाचा हेतु किंवा परिणाम असे दोन पर्याय दिलेले आहेत. म्हणजे मनांत वाईट नव्हतें हें उत्तर पुरेसें नाहीं. ज्या वागणुकीचा परिणाम माणसाला त्याच्या हक्कापासून दूर ठेवण्यांत होतो, ती वागणूक दयेपोटीं झालेली असली तरी भेदभावच ठरूं शकते. रुग्णालयाच्या बाबतींत हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण तेथें अन्याय बहुधा दयेचेंच रूप घेऊन येतो.

येथें चाळीस टक्क्यांचा प्रश्न निघतो. शेंकडा चाळीस किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यावांचून कायदा लागू होत नाहीं, अशी सर्वत्र समजूत आहे. राखीव जागेसाठीं ती अट खरी आहे; वाजवी तजविजीसाठीं नाहीं. हा फरक सर्वोच्च न्यायालयानें विकासकुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या ११ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयांत स्पष्ट केला. तो अर्जदार वैद्यकीय पदवीधर होता. लिहितांना हात आंखडण्याच्या विकारामुळें त्याला परीक्षेंत लेखनिक हवा होता. चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांसाठीं आहे, ती तजविजीच्या हक्काला जोडतां येत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. सेवेंत असतां अपंगत्व आलेल्याचें जें संरक्षण विसाव्या कलमांत आहे, त्यांतहि टक्केवारीचा उल्लेख नाहीं.

आतां दुसरी बाजू. रुग्णालय हें कापडाचें दुकान नव्हे. तेथें सेवकाची एक चूक रुग्णाच्या जिवावर बेतूं शकते. हात थरथरणाऱ्या शल्यवैद्याच्या हातीं सुरी द्यावी काय? ज्याला धोक्याची घंटा ऐकूंच येत नाहीं त्याला एकट्याला अतिदक्षता विभागांत नेमावें काय? रुग्णालयाचे अधिकारी असे प्रश्न विचारतात तेव्हां त्यांना निष्ठुर म्हणणें बरोबर नाहीं. कायद्यानेंहि हें ओळखलें आहे. तिसऱ्या कलमांत भेदभावाची बंदी सांगतांना अपवाद ठेवला आहे कीं, केलेली गोष्ट एखादा योग्य हेतु साधण्याचें प्रमाणशीर साधन आहे असें दाखवून दिलें तर ती चालेल. रुग्णाची सुरक्षितता हा निःसंशय योग्य हेतु आहे. परंतु अपवादाचे सर्व शब्द पाहिले पाहिजेत. तो दाखवून द्यावयाचा आहे, नुसता उच्चारावयाचा नाहीं. आणि साधन प्रमाणशीर हवें. शल्यवैद्याचा हात थरथरतो म्हणून त्याला शस्त्रक्रियागृहांतून दूर ठेवणें प्रमाणशीर होईल. त्याला बाह्यरुग्ण विभागांत तपासण्यास, विद्यार्थ्यांना शिकविण्यास किंवा प्रशासन पाहण्यास लावतां येत असतां नोकरींतूनच काढणें प्रमाणशीर होणार नाहीं.

या तोलाचें एक ठळक उदाहरण महाराष्ट्रांतूनच निघालें. वाणी व भाषा यांच्या अपंगत्वाचें प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, एवढ्याच कारणानें येथील एका विद्यार्थ्याला वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरविण्यांत आलें. मुंबई उच्च न्यायालयांतून तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. न्यायालयानें त्याची पुन्हा तपासणी करविली. तो अभ्यासक्रम पुरा करूं शकेल असा तज्ज्ञांचा अभिप्राय आला, आणि त्याला प्रवेश मिळाला. ओंकार गोंड विरुद्ध आरोग्यसेवा महासंचालक या नांवाचा हा निर्णय १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं न्यायमूर्ति भूषण गवई, अरविंद कुमार व के. व्ही. विश्वनाथन यांनीं सविस्तर दिला. टक्केवारीचा आंकडा आपोआप दार बंद करूं शकत नाहीं. ती व्यक्ति प्रत्यक्ष काय करूं शकते हें मंडळानें तपासलें पाहिजे आणि नकार द्यावयाचा तर त्याचीं कारणें लिहिलीं पाहिजेत, हें त्याचें सार. त्याच महिन्यांत, २५ ऑक्टोबरला, ओम राठोड यांच्या खटल्यांतहि हेंच तत्त्व अधिक विस्तारानें मांडलें गेलें. हे निर्णय शिक्षणाच्या दारावरचे आहेत. पण जो विचार प्रवेश देतांना लागू, तो नोकरी काढून घेतांना लागू नाहीं असें कोण म्हणेल?

शेंकडों मराठी डॉक्टर व परिचारिका ज्या देशाच्या सरकारी आरोग्यसेवेंत काम करीत आहेत, त्या ब्रिटनमध्यें हाच विचार रोजगार न्यायाधिकरणांपुढें नित्य येतो. योगायोग असा कीं, त्या देशाचा अपंगत्व-भेदभावाविरुद्धचा पहिला कायदाहि १९९५ चाच. पुढें तो २०१० च्या समता कायद्यांत विलीन झाला. तेथील उमराव सभेनें २००४ सालीं दिलेला एक निर्णय प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमधील फाइफ येथें रस्ते झाडणाऱ्या एका बाईला शस्त्रक्रियेनंतर चालतां येईना. बैठ्या कामांसाठीं तिनें शंभराहून अधिक अर्ज केले, पण प्रत्येक वेळीं मुलाखतींत इतरांशीं स्पर्धा करावी लागून ती मागें पडली आणि शेवटीं तिची नोकरी गेली. सर्वांना सारखीच मुलाखत, हें वरवर न्याय्य दिसतें. परंतु न्यायाधीशांनीं म्हटलें कीं, प्रसंगीं स्पर्धेवांचूनच दुसऱ्या पदावर नेमणें हेंहि मालकाचें कर्तव्य असूं शकेल. कारण अपंगाला सारखें वागविणें पुरेसें नाहीं, त्याच्यासाठीं कांहीं निराळें करणें हाच या कायद्याचा अर्थ आहे. २०११ सालीं लीड्स येथील सार्वजनिक रुग्णालयांच्या संस्थेविरुद्धच्या अपिलांत आणखी एक मुद्दा ठरला: एखादी तजवीज निश्चित यशस्वी होईल हें सेवकानें सिद्ध करण्याचें कारण नाहीं, यशाची शक्यता असली म्हणजे ती करून पाहिली पाहिजे.

इंग्लंडांत रोजगाराचे हे दावे एकाच न्यायाधिकरणाकडे जातात. आपल्याकडे वाट तितकी सरळ नाहीं; मालक कोण यावर दार ठरतें, आणि चुकीच्या दारावर उभें राहण्यांत वेळ जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी राज्य सरकारचा सेवक आहे. त्याचा दावा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढें, म्हणजे ज्याला सर्वजण ‘मॅट’ म्हणतात तेथें चालतो. हें न्यायाधिकरण १९९१ सालीं स्थापन झालें. पुणें जिल्ह्याचें काम त्याच्या मुंबई येथील मुख्य पीठाकडे आहे. परंतु त्याच केंद्रांतील आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची सेवक असते. ती मॅटकडे जाऊं शकत नाहीं. तिला उच्च न्यायालयांत रिट अर्ज करावा लागतो. त्यांतहि नदीचा फरक आहे. बावड्याची सेविका मुंबईस जाईल. नीरा ओलांडून अकलूजच्या बाजूला, सोलापूर जिल्ह्यांत काम करणारी तिची मैत्रीण १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर पीठाकडे जाईल. केंद्र सरकारच्या रुग्णालयांतील सेवकांसाठीं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

या मोठ्या दारांच्या अलीकडे कांहीं लहान दारें आहेत, आणि बहुतेकांचें काम तेथेंच व्हावें अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेंत एक तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्यानें चौकशी केली पाहिजे. तेथें समाधान न झालें तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जातां येतें. याशिवाय राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करतां येते, आणि त्यांचें कार्यालय पुण्यासच आहे, ही इंदापूर तालुक्याच्या दृष्टीनें मोठी सोय आहे. आयुक्तांनीं केलेल्या शिफारशीवर संबंधित अधिकाऱ्यानें कारवाई करून तीन महिन्यांत कळवावें लागतें, किंवा ती मान्य नसल्यास कारणें द्यावीं लागतात. मात्र शिफारस ही न्यायालयाचा हुकूम नव्हे, हें विसरूं नये.

मॅटकडे जाणाऱ्यानें दोन नियम ध्यानांत ठेवावे. आधीं खात्यांतील उपाय करून पाहिले पाहिजेत; आणि अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आंत दावा दाखल झाला पाहिजे. वरिष्ठांकडे रीतसर केलेल्या अपिलावर किंवा निवेदनावर सहा महिने उलटूनहि उत्तर आलें नाहीं, तर त्यानंतर वर्षाची मुदत मोजतात. साहेब बघतों म्हणाले, पुढच्या महिन्यांत या म्हणाले, अशा भरंवशावर जे महिने जातात ते मुदतींतूनच जातात. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पण दुसऱ्याच्या अधिकारावर आपला हक्क टांगून ठेवूं नये.

खासगी व धर्मादाय रुग्णालयांत संरक्षण अधिक पातळ आहे, हें सत्य लपविण्यांत अर्थ नाहीं. विसाव्या कलमांतील पदावर ठेवण्याची हमी सरकारी आस्थापनांपुरतीच आहे. तथापि भेदभावाची सर्वसाधारण बंदी खासगी संस्थांसाठींहि आहे. प्रत्येक आस्थापनेनें, मग ती खासगी असो, समान संधीचें धोरण जाहीर केलें पाहिजे. आणि भेदभावाची तक्रार आल्यास संस्थाप्रमुखानें एक तर कारवाई करावी किंवा ती गोष्ट प्रमाणशीर कशी हें तक्रारदाराला लेखी कळवावें, असा नियम आहे. रुग्णालय म्हणजे सेवेचें मंदिर, तेथें नोकरीच्या हक्काची भाषा कशाला, हा युक्तिवाद तर फार जुना आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय-समूहांतील दोन कक्षसेविकांना १९४९ सालीं कामावरून कमी केलें गेलें, तेव्हां त्या वेळच्या मुंबई सरकारनेंहि रुग्णालय हा उद्योग नव्हे असें म्हटलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं, न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं लिहिलेल्या निर्णयांत, तें नामंजूर केलें आणि त्या सेविकांना कामगाराचे हक्क असल्याचें सांगितलें. सेवा पवित्र असली म्हणून सेवकाचा हक्क लहान होत नाहीं.

अशा दाव्यांचा पाया भाषणांनीं नव्हे, कागदांनीं भरला जातो. अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र. अपंगत्वापूर्वींचा आणि नंतरचा कामाचा तक्ता. कोणती तजवीज हवी हें नेमकें सांगणारा अर्ज आणि त्याची पोंच. त्याला आलेलें उत्तर, किंवा उत्तर आलें नाहीं ही गोष्ट. पूर्वींचे चांगले गोपनीय अहवाल. हीं कागदपत्रें जपून ठेवावीं. “मला हलकें काम द्यावें” एवढें लिहून भागत नाहीं. “मला चार तास चालतां येत नाहीं, परंतु बसून लस देतां येते, नोंदी ठेवतां येतात, म्हणून अमुक काम द्यावें” असें लिहिलें म्हणजे नकार देणाऱ्याला त्याच मुद्द्यावर उत्तर द्यावें लागतें. तोंडी सूचना मिळाली तर तिचा उल्लेख करून आपणच पत्र पाठवावें. आणि खोटा दाखला ही वाट कोणी धरूं नये. अपंगांसाठीं असलेला लाभ फसवणुकीनें घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. त्याहून मोठें नुकसान असें कीं, एका खोट्या दाखल्यामुळें दहा खऱ्यांकडे संशयानें पाहिलें जातें.

खटला जिंकल्यानें पाय परत येत नाहीं आणि दृष्टिहि उजळत नाहीं. मिळतें तें काम. परंतु ज्या घरीं एका पगारावर दोन पिढ्या अवलंबून आहेत, तेथें काम हेंच जगणें आहे. आणि गांवाचाहि त्यांत लाभ आहे. कृत्रिम पायावर उभी राहून जी सिस्टर एखाद्या जखमी शेतमजुराची पट्टी बांधते, तिनें त्याला वेगळा उपदेश करण्याची गरज उरत नाहीं. अंगांतलें बळ कमी झालें तरी माणूस निरुपयोगी होत नाहीं, हें तो स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. ज्या संस्थेचें कामच माणसाला पुन्हा उभें करण्याचें, तिनें आपल्या सेवकाला आधी उभें राहूं द्यावें, एवढेंच कायदा मागतो.